एका बाजूचा कठडा

माझी आणि त्यांची ओळख शिवीनं झाली. शिवी त्यांनी दिली, मला दिली, आणि ती इतकी अस्सल होती की पुढची पाच-सात सेकंदं ऑफिसात नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. कोणती ते इथं लिहीत नाही. घरात नातवंडं नुकतीच वाचायला शिकलीत, दिसेल तो कागद वाचतात.

ऑफिस कोणतं तेही सांगणार नाही. त्याच खात्याचं पेन्शन खातोय, उगाच कशाला. पंचवटीत, भाड्याच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर होतं, एवढं पुरे. खाली समया आणि ताम्हनं विकणाऱ्याचं दुकान, त्याला लागून वर जाणारा अरुंद जिना, एकवीस पायऱ्या. त्या चढून आलं की समोरच माझं टेबल, आणि त्या टेबलावर अपंगांची ओळखपत्रं मिळत. हसू नका. जागा मी निवडली नव्हती. आमचे साहेब तर म्हणायचे, "जो एवढं चढून आला तो अपंग कसला, आणि जो चढूच शकत नाही त्याला कार्ड घेऊन जायचंय कुठं?" साहेबांच्या मते हा विनोद होता. आम्हीही हसायचो, कारण आमचे गोपनीय अहवाल साहेब लिहायचे.

नव्वदीची मधली वर्षं असतील. सोमवार होता, रांग जिन्यापर्यंत गेलेली. टेबलासमोर कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि मी वर न बघता नेहमीचं वाक्य टाकलं, "साहेब मीटिंगला गेलेत. उद्या या."

तेव्हा ती शिवी आली.

वर बघितलं तर पंचावन्न-छप्पन्नचा उंच माणूस. खाकी पँट, पांढरा शर्ट, उजवा हात छातीशी दुमडलेला, तोंड किंचित वाकडं, आणि डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त घाबरल्याची कळा. मागे त्यांची बायको, हातात कापडी पिशवी, मान शरमेनं खाली. मी उठून उभा राहिलो. नोकरीत पंधरा वर्षं झाली होती, शिव्या काही नवीन नव्हत्या, पण कोणी इतक्या स्वच्छ उच्चारात दिली नव्हती.

"भाऊसाहेब, पाया पडते, मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "यांच्या तोंडून आयुष्यात कधी 'गाढवा' सुद्धा निघालं नव्हतं. पॅरालिसिसचा अटॅक आला, सगळं बोलणं गेलं आणि हे मेलं एवढंच राहिलं. 'पाणी द्या' म्हणायचं असतं हो त्यांना."

"मग मला काय म्हणायचं होतं?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आत्ता मात्र तेच म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या. नाशिकच्या बायका खोटं बोलून वेळ मारून नेत नाहीत.

हळूहळू उलगडा झाला. गृहस्थ एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारायचं काम. "त्र्यंबकेश्वरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," हा आवाज मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलो होतो. अर्ध्या नाशिकनं ऐकला असेल, आणि चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता. आता माझ्यासमोर चेहरा होता आणि आवाज गेला होता. तेव्हापासून आम्ही त्यांना कंट्रोलरच म्हणत आलो. खरं नाव त्यांच्या कार्डावर मीच लिहिलं, पण ते तोंडात कधी बसलं नाही.

आवाज अगदी गेला होता असंही नाही. शिव्यांखेरीज त्यांच्याकडे आणखी एक चीज शिल्लक होती. गाड्यांचे मार्ग. तीस वर्षं जे घोकलं ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. "चहा" हा शब्द त्यांना अर्धा तास शोधून सापडायचा नाही, पण "ओझर, पिंपळगाव, चांदवड, मनमाड" घडाघडा यायचं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, यातून तोड काढली. शिवी ओठाशी आली की गाडी सोडायची. साधा राग असेल तर त्र्यंबकेश्वर: सातपूर, महिरावणी, अंजनेरी, त्र्यंबक. त्याहून मोठा असेल तर मनमाड. आणि आमच्या साहेबांसाठी सुरगाणा. दिंडोरी गेलं, वणी गेलं, बोरगाव गेलं, सुरगाणा येईस्तोवर माणूस थंड. आमचा शिपाई किसन, तो पेठकडचा, मला हळूच सांगायचा, "भाऊसाहेब, आज सुरगाण्याची लावलीय. लांबच बसा."

स्टँडवरचे चार शब्दही होते. नाही म्हणायचं तर "रद्द". फार झालं तर "जागा नाही". आणि कोणी मदत करायला कोपराला धरलं की ते जागच्या जागी थांबायचे. ओरडायचे नाहीत, झटकायचे नाहीत, नुसते उभे. धरणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊन तो हात काढेपर्यंत उभे. मग पुढे. घड्याळ मात्र लुळ्या हातावरच बांधायचे. काकू म्हणायच्या, आता तरी डाव्या हातावर बांधा, ते म्हणायचे, रद्द.

पण मी जिन्याचं सांगत होतो. त्या पहिल्या दिवशी ते वर आले ते डाव्या हातानं कठडा धरून. कठडा एकाच बाजूला, चढताना डाव्या हाताला. त्यांचा डावा हात शाबूत, तेव्हा चढणं जमलं. उतरायची वेळ आली आणि मेख कळली. चढताना डावीकडे असलेला कठडा उतरताना उजवीकडे येतो. हे पहिलीतल्या पोराला कळतं. मला कळायला समोर माणूस अडकावा लागला. वरच्या पायरीवर ते उभे, लुळा हात कठड्याच्या बाजूला, चांगला हात उघड्या भिंतीकडे. भिंतीला धरायला काही नाही. शेवटी रांगेतल्या दोघा धट्ट्याकट्ट्यांनी त्यांना बगलेत आणि गुडघ्यात धरून उचललं. एकवीस पायऱ्यांत त्यांनी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या मी एकत्र कधी ऐकल्या नाहीत. खाली काकूंनी त्यांचा शर्ट सारखा केला आणि त्यांचे डोळे पुसले. सगळ्यांसमोर पुसले.

"पोतं उतरवावं तसं उतरवलं बिचाऱ्याला," किसन म्हणाला.

कार्डासाठी त्यांना आणखी दोनदा यावं लागलं. एकदा फोटो लहान म्हणून, एकदा साहेबांची सही नाही म्हणून. दुसऱ्या खेपेला दोघं जण पुन्हा उचलायला सरसावले तर ते म्हणाले, "रद्द." वरच्या पायरीवर पंधरा मिनिटं उभे राहिले, जिना बघत. मग सावकाश वळले, जिन्याकडे पाठ केली, तोच कठडा डाव्या हातात धरला आणि उलटे उतरायला लागले. आधी लुळा पाय खाली सोडायचा, तो टेकला का चाचपायचं, मग दुसरा. चौदा मिनिटं लागली. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "गाभाऱ्यातून निघताना देवाला पाठ दाखवायची नसते, तसे चाललेत. साहेबांना देव समजतात वाटतं." सगळे हसले. मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो.

कार्ड मिळालं. खरं तर इथं आमचा संबंध संपायचा. पुढच्या सोमवारी अकरा वाजता, ऐन गर्दीच्या वेळी, गृहस्थ पुन्हा जिन्यात. शर्टाच्या खिशात एक कागद. त्यावर डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात लिहिलेलं एकच वाक्य: जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवावा ही विनंती. शब्द बोलता येत नव्हते, पण समोर लिहिलेलं बघून गिरवता येत होतं. काकूंनी लिहून द्यायचं, त्यांनी उतरवायचं. आठवडाभर तेच. सोबत दुसरी प्रत. त्या प्रतीवर मी आवकचा शिक्का मारीपर्यंत ते हलले नाहीत. मग वळले आणि उलटे, चौदा मिनिटं, खाली.

पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.

खरं सांगतो, मला तो माणूस मुळीच आवडायचा नाही तेव्हा. सोमवारी अकरा वाजले की मी फाइलीत डोकं खुपसायचो. ते जिन्यात शिरले की खालची रांग खाली, वरची वर. जिना अरुंद, त्यांना धक्का न लावता ओलांडून जाता यायचं नाही. लोक कुरकुरायचे, मग माझ्यावर ओरडायचे, की अहो, तो कठडा का बसवत नाही तुम्ही एकदाचा? हेच तर त्यांना हवं होतं. फलक नाही, घोषणा नाही, उपोषण नाही. माणूस फक्त जिना चढत होता आणि उतरत होता, त्याला लागतो तेवढा वेळ घेऊन.

एका सोमवारी साहेबांचा तोल गेला. त्यांनी चौकीतून हवालदार बोलावला. हवालदार आला, जिन्याच्या तोंडाशी टोपी काढून उभा राहिला आणि पाच मिनिटं त्या उतरणाऱ्या पाठीकडे बघत राहिला.

"कामात अडथळा आणतोय हा," साहेब वरून म्हणाले. "घ्या याला ताब्यात."

"साहेब, कलम कोणतं लावू?" हवालदार म्हणाला. "माणूस जिना उतरतोय."

"मुद्दाम हळू उतरतोय."

"मग तुम्ही भरभर उतरवून दाखवा," हवालदार म्हणाला, आणि कंट्रोलर खाली पोचल्यावर त्यानं त्यांना रस्ता ओलांडून दिला. म्हणजे द्यायला गेला. कोपराला धरलं, आणि ते थांबले. हवालदारानं हात काढला, मग दोघं शेजारी शेजारी चालत पलीकडे गेले.

त्या दिवशी साहेबांकडे बघून त्यांनी सुरगाण्याची गाडी सोडली होती. मी वरून ऐकत होतो. बोरगावला आवाज थरथरला, पण शिवी आली नाही. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की हा माणूस दर सोमवारी आमच्याशी जेवढं भांडतो त्याच्या दुप्पट स्वतःशी भांडतो. एक शिवी सुटली असती तर साहेबांना कलम मिळालं असतं. ते त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

अर्जांची फाइल माझ्याकडे होती. ती चाळताना एकदा गंमत दिसली. पहिल्या अर्जातली अक्षरं रेघेवरून घसरलेली, 'ठ'चं वाटोळं उघडंच राहिलेलं. वर्षभरानंतरच्या अर्जात अक्षर उभं राहिलेलं. दीड वर्षानं चक्क सुरेख. आम्ही त्यांचा अर्ज दर आठवड्याला दाबून ठेवत होतो आणि त्यांचा डावा हात लिहायला शिकत होता. मी हे त्यांना फाइल उघडून दाखवलं. ते एकेक पान बघत गेले आणि खुदकन हसले. मग माझ्या पाठीत डाव्या हाताची अशी थाप मारली की माझा चष्मा टेबलावर पडला. त्या दिवसापासून मी सोमवारी दोन चहा मागवायला लागलो.

दोन वर्षांनी साहेब कंटाळले. "बसवा तो दांडा आणि सोडवा मला यातून," म्हणाले. टिपणी मी लिहिली. आयुष्यात एवढ्या आवडीनं टिपणी लिहिली नव्हती. माझं टेबल वर, जिना माझ्या डोळ्यांसमोर खाली उतरणारा. मी त्याच्याकडे बघत बघत लिहिलं, 'जिन्याच्या डाव्या बाजूस कठडा बसविणे आवश्यक.' उतरताना डाव्या, एवढा शब्द घालायला हवा होता. नाही घातला. मंजुरी आली, ठेकेदाराची माणसं रविवारी सुट्टीच्या दिवशी आली, रस्त्यावर उभी राहून त्यांनी जिना खालून वर बघितला, आणि डाव्या बाजूचा, म्हणजे होता तोच जुना कठडा उखडून तिथं चकचकीत स्टीलचा नवा बसवून ती निघून गेली.

सोमवारी सकाळी साहेब नारळ घेऊन हजर. किसननं झेंडूची माळ बांधलेली. मी पोचलो आणि जिना बघून मला माझीच टिपणी आठवली. अकराला पाचेक मिनिटं असताना कंट्रोलर आले, इस्त्रीचा शर्ट, सोबत काकू. नवा कठडा बघितला. मग उजवीकडची उघडी भिंत बघितली.

साहेबांच्या हातात नारळ तसाच. मला वाटलं, आज शिवी येणार, आणि आली तर बरं होईल. कंट्रोलरनी डोळे मिटले. सातपूर, महिरावणी, अंजनेरी, त्र्यंबक. थांबले. ओझर, पिंपळगाव, चांदवड, मनमाड. पुन्हा थांबले. दिंडोरी, वणी, बोरगाव, सुरगाणा. तिन्ही गाड्या गेल्या. मग डोळे उघडून त्यांनी नव्या कठड्याला हात घातला, वर चढून आले, माझ्या टेबलाशी बसून कागद मागितला. या वेळी काकूंनी लिहून दिलं नव्हतं. बराच वेळ लागला. लिहिलं होतं: कठडा छान. आता दुसऱ्या बाजूला. मी शिक्का मारला. ते वळले आणि उलटे उतरले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्या. चूक माझ्या शब्दाची होती हे सांगितलं. ते ऐकून घेत होते. काकूंनी चहा ठेवला आणि मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, एक विचारते. त्यांना एवढं काय हवंय ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कठडा."

"दवाखान्यात वॉर्डातली पोरं यांना स्ट्रेचरवर घेताना काय म्हणायची, तर 'पार्सल धर रे.' बोलणं गेलेलं, पण कान शाबूत होते. घरी आल्यावर आठ दिवस जेवले नाहीत. मला कुणी उचलायचं नाही, एवढंच आहे त्यांचं. स्वतःच्या पायानं, समोर बघत, घराबाहेर पडायचं आणि घरी यायचं. उलटं उतरतात तेव्हा लोक हसतात, ते त्यांना मागून ऐकू येतं. मला कधी कळू दिलं नाही, पण झोपेत पाय खाली चाचपत असतात." कंट्रोलर माझ्याकडे टक लावून बघत होते. मला त्या खोलीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ऑफिस उघडायच्या आधी ते दारात हजर. मंगळवारी कधी येत नसत. सोबत एक मफलर. मला वर नेलं, माझा उजवा हात दुमडून त्या मफलरनं छातीशी बांधायला किसनला खुणावलं. उजव्या गुडघ्याला बोटानं टोचून दाखवलं: हा वाकवायचा नाही. मग स्वतः खाली जाऊन उभे राहिले आणि मला वरून उतर म्हणून खूण केली.

मी चाळिशीचा, धडधाकट माणूस. वरून पाहिला तर तो जिना आडासारखा दिसला. डावा हात आपोआप धरायला गेला आणि तिथं चुन्याची भिंत. एक पायरी उतरलो. दुसरीवर पाय लटपटला. तिसरीवर मी खाली बसलो. हे किसनसमोर झालं, त्यामुळे पुढची काही वर्षं ऑफिसात मला ऐकून घ्यावं लागलं. खालून कंट्रोलरनी बसमधल्या गर्दीला सांगतात तसं सांगितलं, "चला, पुढे सरका." मी म्हटलं, "रद्द." ते इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

आता दुसऱ्यांदा मंजुरी मागायची कोणत्या तोंडानं? एकाच जिन्याला एकाच वर्षात दोनदा कठडा, हे कागदावर कोणी पास करणार नाही. साहेबांनी तर विषय काढायचीच बंदी केली. दीड वर्ष आणखी गेलं. सोमवार चालूच. तोड शेवटी किसनला सुचली. "भाऊसाहेब, त्यो उखडलेला जुना कठडा गच्चीवर पडलाय की. भंगारात काढायचा म्हणून कागद करताय, त्याला अजून सही नाय." खरंच की. डेडस्टॉकच्या, म्हणजे ऑफिसच्या मालकीच्या सामानाच्या, वहीत तो होता: लोखंडी कठडा, जुना, नग एक. नवा कठडा घ्यायला मंजुरी लागते. आपलीच वस्तू आपल्याच भिंतीला परत लावणं ही किरकोळ दुरुस्ती. टिपणी लिहिली. या वेळी बाजू लिहिली नाही. मी किसनला खडू दिला आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत रेघ मारून घेतली, आणि लिहिलं, 'भिंतीवरील खडूच्या रेघेवर.' साहेबांनी न वाचता सही केली. साहेबांचा तेवढा एक गुण होता.

तो सोमवार. नारळ नाही, माळ नाही, आम्ही कुणाला सांगितलंही नव्हतं. कंट्रोलर आले, तो गंजका कठडा बघितला आणि ओळखला. चढताना स्टीलचा धरून आले. माझ्यासमोर अर्ज ठेवला नाही. आणलाच नव्हता. पाणी प्यायले आणि उतरायला निघाले. वरच्या पायरीवर त्यांनी डावा हात जुन्या कठड्यावर ठेवला आणि प्रथमच समोर बघत पाय खाली टाकला. मी आणि किसन मागे उभे. खालून काकू वर बघत होत्या. चार वर्षांत त्यांनी नवऱ्याची पाठच उतरताना पाहिली होती, त्यामुळे चेहरा समोर आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

पाच-सहा पायऱ्या उतरले असतील तोच खालून एक म्हातारी वर यायला लागली. हिरवं लुगडं, डोंगराकडची बाई, डावा हात लोंबता, डावा पाय ओढत. उजव्या हातानं तोच गंजका कठडा धरून ती खाली मान घालून एकेक पायरी चढत होती. मधोमध दोघं समोरासमोर आले. तिला उजवा हात सोडता येत नव्हता. यांना डावा सोडता येत नव्हता. एकच कठडा आणि दोघांचा एकेकच हात.

मी पुढे झालो. कंट्रोलरनी मान वळवून असा कटाक्ष टाकला की मी जागीच थांबलो. कोणाला उचलू नका, हेच तर चार वर्षं सांगत होते. ते तिच्याकडे बघत राहिले. तीही बघत राहिली. मग त्यांनी चांगला पाय मागे वरच्या पायरीवर ठेवला, कठड्याला ओढ देऊन अंग वर घेतलं आणि लुळा पाय मागोमाग ओढला. उलटं उतरायचा त्यांना सराव होता. उलटं चढायचं त्यांनी कधी केलं नव्हतं. कपाळावरून घाम ओघळत होता. एकेक पायरी ते मागे सरत होते आणि एकेक पायरी म्हातारी वर येत होती. वर पोचल्यावर दोघं बाकावर बसले आणि नुसते धापा टाकत राहिले.

"दोनदा आले व्हते मागं," म्हातारी मला म्हणाली. "पेठाहून. खालूनच परत गेले. धराया काय नव्हतं ना ह्या बाजूला. आज हाय."

चार वर्षं आम्ही सगळे उतरण्याचंच बघत होतो. ज्याचा डावा हात गेलाय त्याला आमचा जिना चढताच येत नाही, हे कंट्रोलरनाही सुचलं नव्हतं. जे वर आलेच नाहीत ते आमच्या कोणत्याच वहीत नव्हते. खालून असे किती जण परत गेले, कोण जाणे. मला त्या क्षणी माझ्या टेबलाची शिसारी आली.

कंट्रोलर रडत होते. लपवायचा प्रयत्नही केला नाही. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, कागद मागितला, आणि त्या सुरेख झालेल्या अक्षरात लिहिलं: यांना पुन्हा चढायला लावू नका.

त्या अर्जावर मी शिक्का मारला नाही. म्हातारीचे कागद घेतले, फोटो कमी होता तर किसनला तिच्याजवळचा एक फोटो घेऊन प्रत काढायला फोटोच्या दुकानात पिटाळलं, साहेब डबा उघडून बसले होते त्यांच्या पुढ्यात कार्ड धरलं. "जेवू दे की रे," ते म्हणाले. मी म्हटलं, "आधी सही." असं मी त्यांना कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डाळीचा हात पुसून सही केली. माझ्या नोकरीत अर्ज आल्याच्या दिवशीच दिलेलं ते पहिलं कार्ड.

एवढा वेळ कंट्रोलर थांबले होते. म्हातारी उठली तसे तेही उठले. वरच्या पायरीवर दोघं शेजारी उभे राहिले. तिचा चांगला हात उजवा, तिला स्टीलचा कठडा. यांचा डावा, यांना गंजका. जिना दोघांनी पुरता भरला. खाली रांगेत माणसं उभी होती, काहींच्या हातात घड्याळं, पण कोणी कुरकुरलं नाही. दोघं समोर बघत, एकेक पायरी, सावकाश उतरत गेले, आणि खालच्या माणसांनी मागे सरून वाट मोकळी केली.